हीथ्रोवरचं मानापमान

लंडन, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा झाला, तिकिटं निघाली, आईनं भडंगाची ऑर्डरही दिली, म्हणजे आता तुमचं येणं पक्कं. परवा फोनवर बाबांनी एवढंच विचारलं, "विमानातनं उतरल्यावर घरापर्यंत गाडी कुठली?" सांगलीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून ज्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या याच प्रश्नाला उत्तरं दिली, ते हे विचारणारच. उत्तर एका ओळीत द्यायला हवं. पण त्या एका ओळीवरून आमच्या घरात सध्या दोन वेळच्या जेवणाला तोंडी लावणं लागत नाही, इतकी चर्चा चालू आहे. फोनवर सांगायला घेतलं की बाबा पहिल्याच वाक्याला "कळलं, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई विचारते, "विहीणबाईंना कशानं आणलं होतं?" म्हणून हे पत्र. प्रिंट काढा आणि बाबांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टमागे ठेवा.

आई, तुझ्या प्रश्नाकडे येतेच. आधी बाबांचा.

हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला. तिथून शहराचा मध्य, म्हणजे चेरिंग क्रॉस, चोवीसेक किलोमीटर. सांगलीहून मिरजेला जाऊन परत आलात तर जेवढं होईल, त्याहून थोडं जास्त. एवढ्याशा अंतराला इथं तीन प्रकारच्या रेल्वे आहेत, शिवाय लांब पल्ल्याची बस, रात्रीची बस, काळी टॅक्सी आणि फोनवरून आधी ठरवायची गाडी. टर्मिनलं २, ३, ४ आणि ५. एक नंबर शोधत बसू नका, ते २०१५ साली बंद झालं. २ आणि ३ ला मिळून एकच स्टेशन, ४ आणि ५ ची आपापली. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर रेल्वेनं फुकट जाता येतं. बाबा, फुकट आहे म्हणून उगाच एक चक्कर मारून येऊ नका, आम्ही बाहेर उभे असू.

आता मत कुणाचं घ्यायचं? इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथं गेल्या कार्यक्रमात मसालेभाताच्या रांगेत उभी असताना मी सहज विचारलं, "आईबाबा येताहेत, हीथ्रोवरून कसं आणू?" पुढचा अर्धा तास रांग हलली नाही. तेव्हा मला कळलं की लंडनच्या मराठी माणसांत देशस्थ-कोकणस्थ आता फारसं कुणी विचारत नाही. भेद उरलाय तो हीथ्रोवरून कोण कशानं येतं याचा.

पहिला पंथ पिकॅडिली लाइनवाल्यांचा. यात सगळे जुने काका. त्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी भाताचा डाव हातात धरूनच सांगितलं, "मी आलो तेव्हा ट्यूब हॅटन क्रॉसपर्यंतच होती. पुढं बस." हे खरं आहे. हॅटन क्रॉसचं स्टेशन १९७५ मध्ये झालं आणि गाडी थेट विमानतळात शिरली ती १९७७ च्या डिसेंबरात. तेव्हापासून या पंथाचा दुसऱ्या कशावर विश्वास नाही. स्वस्त आहेच: माणशी सहा पौंडांच्या आसपास, गर्दीची वेळ असो वा नसो. आणि आमच्यासाठी तर सरळ, कारण आमचं रसेल स्क्वेअर याच लाइनवर. गाडीत बसलं की तासाभरात घराजवळ, मध्ये बदलायची भानगड नाही. हाउन्स्लोपासून बॅरन्स कोर्टपर्यंत बराचसा रस्ता गाडी उघड्यावरून जाते, लोकांची परसदारं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. आई, तुला ते आवडेल. कुणी चादर नीट पिळलेली नाही हेही तुला दिसेल.

पण काका एक गोष्ट सांगत नाहीत. त्या गाड्या काकांइतक्याच जुन्या काळच्या आहेत. त्यांची रचना १९७३ ची, एसी नाही, डबा अरुंद, आणि छत कडेला इतकं उतरतं की तुमचे जावई दाराशी मान वाकडी करूनच उभे राहतात. बॅगा ठेवायच्या त्या दारापाशीच. ब्रेक लागला की चाकांची बॅग आपल्या मर्जीनं निघते. धाकट्या मावशींची मोठी निळी बॅग हॅमरस्मिथजवळ अशी निघाली ती डब्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचणाऱ्या एका साहेबाच्या गुडघ्याला जाऊन टेकली. साहेबानं पेपर खाली केला नाही. बॅगेला मात्र तो 'सॉरी' म्हणाला.

आणि खरी परीक्षा रसेल स्क्वेअरला. लिफ्ट आहे, पण फलाट आणि लिफ्ट यांच्यामध्ये पायऱ्या. लिफ्ट बंद पडली तर गोल जिना, पावणेदोनशे पायऱ्यांच्या घरातला. बाबांचा गुडघा आणि आईची लोणच्याची बरणी, दोघांनाही ते झेपायचं नाही. जोतिबाला गेल्यासारखं वाटेल हे खरं, पण तिथं वर देव असतो. इथं वर सुपरमार्केट आहे.

दुसरा पंथ हीथ्रो एक्स्प्रेसवाल्यांचा. १९९८ पासून चालू. हे लोक ओळखायचे कसे? त्यांचं तिकीट कंपनी काढते. मधल्या टर्मिनलवरून पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत, दर पंधरा मिनिटांनी गाडी, बसायला ऐसपैस, बॅगांना रॅक. भाडं ऐन वेळी काढलं तर माणशी २५ पौंडांच्या आसपास, खूप आधी काढलं तर निम्म्याहूनही कमी. बाबांनी एव्हाना मनातल्या मनात रुपये केलेच असतील, म्हणून मी करत नाही. पण पैशाचं सोडा, अडचण वेगळी आहे. पॅडिंग्टन आमच्यापासून लांब, शहराच्या पश्चिम अंगाला. पंधरा मिनिटांत तिथं पोचायचं आणि मग बॅगा घेऊन पुन्हा दुसरी गाडी शोधायची. सुपरफास्ट गाडीनं पुण्यात स्वारगेटला लवकर पोचायचं आणि पुढं चिंचवडला जायला रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभं राहायचं, तो अनुभव तुम्हाला नवा नाही. पॅडिंग्टनला अस्वलाचा पुतळा आहे, नातवाला तेवढंच कारण पुरतं. तो म्हणतो, आजोबांना आधी अस्वल दाखवू.

तिसरा पंथ एलिझाबेथ लाइनवाल्यांचा. हा नवा. राणीनं २०२२ च्या मे महिन्यात स्वतः येऊन उद्घाटन केलं. मुळात ती २०१८ च्या डिसेंबरात सुरू व्हायची होती. साडेतीन वर्षं उशीर आणि एकोणीस अब्ज पौंडांच्या घरात खर्च. हे वाचून बाबांचा जीव जरा थंड होईल. आपल्याकडे पुलाचं काम रखडलं की 'फॉरेनला बघा' म्हणणारे जे तुमचे मित्र कट्ट्यावर बसतात, त्यांना हे जरूर वाचून दाखवा. पण झाली ती गाडी बघण्यासारखी. दोनशे मीटर लांब, एसी, रुंद दारं, बॅगांना मोकळी जागा. भाडं ट्यूबच्या दुपटीहून जास्त, एक्स्प्रेसच्या तिकिटापेक्षा बरंच कमी. वाटेत साउथॉल लागतं, तिथल्या फलाटावर इंग्रजीखाली गुरुमुखीत नाव लिहिलंय. आईला तिथं उतरून कोथिंबिरीचा भाव विचारावासा वाटेल. उतरू नकोस, दारं पटकन लागतात. पॅडिंग्टनपासून पुढं गाडी जमिनीखाली, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलं की फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट. एकही पायरी नाही. हीथ्रोपासून तिथवर चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर.

बाबा, तुमच्यासाठी एक खास. जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये याच पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत धावली, वाफेच्या इंजिनावर. भुयारात धूर! आणि आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे तिच्याहून दहा वर्षांनी थोरली. हे इथल्या कुणाला सांगायला मिळतंय का, याची मी वर्षानुवर्षं वाट बघतेय. आता तुम्ही आलात की आपण दोघं मिळून सांगू.

बसचा पंथ लहान आहे, पण निष्ठावंत. व्हिक्टोरियाच्या कोच स्टेशनला जाणारी बस विमानतळाच्या मधोमध असलेल्या बस स्थानकातून सुटते. आरामाची असते, बॅगा खाली पोटात जातात, फक्त पोचणार कधी ते एम-४ रस्त्यावरच्या गर्दीच्या हातात. अपरात्री उतरणाऱ्यांना एन-नाइन ही रात्रीची लाल बस अगदी ऑल्डविचपर्यंत आणते, पावणेदोन पौंडांत. हे भाडं ऐकून बाबा 'आपण रात्रीचं विमान घेऊ' म्हणतील म्हणून हे वाक्य मी खोडणार होते. पण आधीच सांगते: या बसमध्ये कंडक्टर नाही. जुन्या, मागं उघड्या दाराच्या कंडक्टरवाल्या बसगाड्या २००५ मध्ये रोजच्या मार्गांवरून गेल्या, आणि २०१४ पासून बसमध्ये रोख पैसेही चालत नाहीत. म्हणजे टिकटिक नाही, तिकिटामागं लिहिलेले सुटे पैसे नाहीत, 'पुढं सरका' नाही. तुम्हाला अशा बसमध्ये बसून कसंनुसं होईल.

उरली फोनवरून ठरवायची गाडी. भाडं आधी ठरतं, माणूस नावाची पाटी घेऊन उभा राहतो, म्हणून पाहुण्यांना ते भारी वाटतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं अशी ठरवली होती, कुणाकडून ते महत्त्वाचं नाही. आली ती गाडी चार माणसांची, आणि 'चार माणसं' म्हणजे बॅगा नसलेली चार माणसं. शेवटी आजोबा पुढच्या सीटवर प्रेशर कुकर मांडीवर घेऊन लंडनचं पहिलं दर्शन घेत आले. थांबण्याचे पैसे वर. तेव्हापासून ते लोक गाडी ठरवताना माणसं मोजत नाहीत, बॅगा मोजतात. हे शहाणपण मात्र घेण्यासारखं आहे.

आता, आई, तुझा प्रश्न.

हो. तुझ्या विहीणबाईंना काळ्या टॅक्सीनं आणलं होतं. तुला ते माहीतच आहे, त्यांनी टॅक्सीतला फोटो स्टेटसला ठेवला होता. म्हणूनच आमच्या घरात ही चर्चा मिनिटांची आणि पौंडांची राहिली नाही. तुमचे जावई एकदम गप्प झालेत. त्यांच्या आईला टॅक्सी आणि माझ्या आईला रेल्वे, हे वाक्य मी अजून उच्चारलेलं नाही, पण ते ताटात वाढलेलंच आहे. परवा रात्री ते आपणहून म्हणाले, "टॅक्सीच करू." मी म्हटलं, "तसं काही नाही, रेल्वेनंही चालेल." या दोन्ही वाक्यांचा खरा अर्थ काय, ते तुम्हाला दोघांना समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा काळी टॅक्सी कशी असते ते नीटच सांगते. तिचा डौल खराच मोठा. मागं तीन जण, त्यांच्यासमोर उलट्या तोंडानं बसायच्या घडीच्या सीटा, मध्ये बॅगा. चाकाची खुर्चीसुद्धा आत जाते. ड्रायव्हरला तुम्ही पत्ता सांगितला की तो नकाशा बघत नाही. चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांच्या परिघातले पंचवीस हजारांच्या घरातले रस्ते पाठ केल्याशिवाय त्याला बिल्लाच मिळत नाही. १८६५ पासूनची ही परीक्षा. लोक तीन-चार वर्षं स्कूटरवर फिरून गल्ल्या पाठ करतात, आणि परीक्षक समोर बसवून तोंडी विचारतो: इथून तिथं कसा जाशील, सांग. बाबा, तुम्ही ड्रायव्हरांना घाट विचारायचात तसंच.

पण टॅक्सीला मीटर आहे. आणि मीटर गाडी उभी असतानाही पळतो. विहीणबाई आल्या तो सोमवार सकाळचा. एम-४ वर गाड्या एकाला एक चिकटून उभ्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, त्यांचे चिरंजीव मीटरकडे. त्या म्हणाल्या, "किती शांत शहर आहे रे, एक हॉर्न नाही." हे म्हणाले, "हो." मीटर साठावर होता. त्या म्हणाल्या, "आणि कुणाला घाई म्हणून नाही." हे म्हणाले, "नाही ना." मीटर पंचाहत्तरवर. घराशी उतरलो तेव्हा नव्वदी ओलांडली होती. ड्रायव्हरनं बॅगा दारापर्यंत आणून दिल्या, विहीणबाईंनी त्याला लाडू दिला, त्यानं तो तिथंच खाल्ला आणि 'लव्हली' म्हणाला. त्यांना अजून वाटतं की लाडवावर काम भागलं.

थोडक्यात, बाबा, तुम्ही विचारलं 'गाडी कुठली', पण हीथ्रोवर गाडी कुठली हे अंतर ठरवत नाही. एकटा माणूस पाठीवर एक बॅग घेऊन आला तर ट्यूब. कंपनीचा पैसा असला तर एक्स्प्रेस. पाच माणसं, ढीगभर बॅगा आणि रविवारची पहाट असली तर टॅक्सी खरंच परवडते, कारण भाडं गाडीचं असतं, माणशी नसतं. आणि म्हातारे आईवडील, गुडघे, बरण्या आणि विहीण-विहिणींचा मान असं सगळं एकत्र आलं, तर ते कोणत्याच फलकावर लिहिलेलं नसतं. ते मुलीनंच ठरवायचं.

मी ठरवलं ते असं. तुम्हाला घ्यायला आम्ही दोघं आणि नातवंडं येऊ. दहा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट असतात, ती तेवढ्यासाठीच येताहेत असं धरा. हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइनमध्ये बसायचं. एसी, रुंद दार, बॅगा समोर, पायरी नाही. टॉटनहॅम कोर्ट रोडला लिफ्टनं वर यायचं. आणि तिथून घर जेमतेम दीड किलोमीटर आहे, तेवढ्यासाठी काळी टॅक्सी करायची. त्या चिमुकल्या अंतरात मीटरला फार काही करता येत नाही, आणि वाटेत ब्रिटिश म्युझियमचा परिसरही लागतो. आई, तू मागच्या सीटवर खिडकीशी बसायचंस, बाबा समोर उलटे. नात फोटो काढेल. ती असं काढते की मागं फक्त टॅक्सी दिसते, आधीची रेल्वे दिसत नाही.

तुमचे जावई हे ऐकून दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं आईच्या वेळी का सुचलं नाही?" मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत."

आता काही सूचना, बाबांनी लाल पेनानं खुणा कराव्यात अशा.

तिकीट काढायला खिडकी शोधू नका. कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवायचं, झालं. दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं. म्हणून बाबा, आईच्या नावाचं कार्ड बँकेत जाऊन परदेशात चालेल असं करून घ्या, आणि त्याचा पिन आईलाही सांगा. आत जाताना जे टेकवाल तेच बाहेर येताना टेकवायचं. आत कार्ड आणि बाहेर फोन केलात तर यंत्राला वाटतं दोन माणसं अर्धवट प्रवास करून गायब झाली, आणि ते दोघांचे पूर्ण पैसे कापतं.

सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं. डावी बाजू घाईत असणाऱ्यांची. बाबा, डावीकडे उभं राहून 'पुढं सरका' म्हणायचं नाही. इथं ते काम पाटी करते.

किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर बघायचं, असं बाबांनी यादीत पहिल्या नंबरला लिहिलंय, आणि विमानतळावरून थेट तिकडेच जाऊ म्हणतात. १९२१-२२ मध्ये ते तिथं राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घर घेतलं, आता तिथं स्मारक आहे. जाऊच, पण दुसऱ्या दिवशी, आंघोळ करून, बॅगा घरी टाकून. भडंगाची पिशवी घेऊन स्मारकात जाता येत नाही असं नाही, पण बरं दिसत नाही.

बाकी इथं सगळं ठीक. थंडी आहे, स्वेटर बॅगेत वर ठेवा, तळाला नको. धाकटी आत्या मेतकूट देणार असेल तर नाही म्हणू नका. वजन जास्त झालं तर बाबांची जाडी गाइडबुकं काढा, मेतकूट काढू नका.

आणि आई, टॅक्सीतला फोटो स्टेटसला टाकायचा तो विहीणबाईंनी बघितल्याची खूण येईपर्यंत ठेवायचा. किती अंतर गेलीस ते कुणी विचारलं तर खरं सांग. पण आधी विचारू दे.

तुमची,
चिमी

ता. क. नातू विचारतोय, आजोबा एसटीची शिट्टी आणणार का? आणा. फक्त फलाटावर वाजवू नका, गाडी खरंच सुटेल.